भाताच्या पोथीत नसलेले पान

११ ऑगस्ट २००५ रोजी 'नेचर' या साप्ताहिकात भाताचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. दहा देशांतील प्रयोगशाळा त्यासाठी काही वर्षे खपत होत्या. पुढाकार जपानचा होता. भाताच्या बारा गुणसूत्रांची देशादेशांत वाटणी झाली होती आणि अकराव्या गुणसूत्राचा काही भाग भारताच्या वाट्याला आला होता. दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर आणि भारतीय कृषी संशोधन संस्था येथील गटांनी तो वाचला.

'वाचला' म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना एकदा नीट सांगायला हवे. डीएनएच्या लांबलचक रेणूत ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन असे चारच घटक एकापुढे एक ओवलेले असतात. ते कोणत्या क्रमाने आले आहेत यावर कोणते प्रथिन बनणार, ते केव्हा आणि किती बनणार हे ठरते. हा क्रम ओळखून लिहून काढणे म्हणजे जनुकसंच वाचणे. भातात अशी सुमारे ३८ कोटी ९० लाख अक्षरे आहेत. त्यांपैकी ९५ टक्के वाचून झाली होती आणि त्यांत ३७,५४४ जनुके असावीत असा अंदाज दिला होता. गव्हाची पोथी याच्या चाळीसपट मोठी असते, हे लक्षात घेतले म्हणजे तृणधान्यांपैकी आधी भातच का निवडला, ते कळते.

ही पोथी मात्र एका वाणाची होती. 'निप्पोनबारे' हे ते जपानी वाण. भाताचे जापोनिका आणि इंडिका असे दोन मोठे गट आहेत, त्यांपैकी हे जापोनिका गटातले. कोठून तरी सुरुवात करायची म्हणून एक वाण निवडणे भागच होते. त्यात गैर काही नव्हते. पण 'भाताचा जनुकसंच वाचून झाला' असे मथळे आले, की भाताबद्दल लिहिण्यासारखे सगळे त्यात आले असा समज होतो. बरोबर एका वर्षाने, १० ऑगस्ट २००६ च्या 'नेचर'मध्ये, शेतकऱ्यांच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे असे एक जनुक जाहीर झाले. ते निप्पोनबारेच्या पोथीत नव्हतेच. त्याची हकिकत आपण येथे पाहणार आहोत.

या हकिकतीची सुरुवात ओडिशात होते. महानदीच्या खोऱ्यात पावसाळ्यात पाणी चढले की खाचरे पूर्ण बुडतात. भात पाण्यात उभा राहतो हे आपण जाणतो. त्याच्या खोडातील पोकळ्यांतून हवा मुळांपर्यंत पोचते. पण त्यासाठी शेंडा पाण्याबाहेर हवा. रोप पूर्ण बुडाले तर त्याचा श्वास कोंडतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यात वायू सुमारे दहा हजारपट हळू पसरतात. पाणी गढूळ असले तर प्रकाशही पोचत नाही, म्हणजे अन्न तयार होणे थांबले.

अशा वेळी रोप काय करते? सर्व वनस्पतींत इथिलीन नावाचा एक वायुरूप संप्रेरक तयार होत असतो. (आढीतले आंबे पिकवणारा वायू तोच.) एरवी तो हवेत निघून जातो. बुडालेल्या रोपातून त्याला बाहेर पडता येत नाही, तो आत साठतो, आणि ती रोपाला 'आपण बुडालो' ही खबर ठरते. मग जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचे काम वाढते आणि रोप पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी भराभर उंच होऊ लागते. पाणी दोन-चार दिवसांत ओसरणार असेल, किंवा फार खोल नसेल, तर हा डाव साधतो. पाणी आठवडा-दहा दिवस राहिले तर साठवलेले पिष्ट संपून जाते, लांब झालेली पाने पाणी उतरताच आडवी पडतात आणि रोप मरते. पुराने भात मरतो तो पुष्कळदा असा, स्वतःच्या धडपडीने.

ओडिशातील शेतकरी 'धालपुटिया' नावाचे एक जुने वाण लावत असत. ते बुडूनही जगते, हे त्यांच्या अनुभवाचे होते. या वाणातून एकेक रोप निवडून, त्याची संतती वेगवेगळी वाढवून संशोधकांनी एक शुद्ध वाण वेगळे काढले आणि त्याला 'एफआर १३ए' असे रुक्ष नाव दिले. यातील 'एफआर' म्हणजे पूर सोसणारे. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात जगभरचे नमुने पाण्यात बुडवून पाहिले, तेव्हा तग धरणाऱ्या मोजक्या वाणांत हे अग्रभागी होते. ते उंच होण्याच्या फंदात पडत नाही. वाढ थांबवते, पिष्ट राखून ठेवते आणि पाणी ओसरले की त्या शिलकीवर पुन्हा पाने काढते.

मग या वाणाचा चांगल्या उत्पन्नाच्या वाणाशी संकर का केला नाही? केला, आणि तो फसत गेला. संकरात दोन्हीकडचे निम्मे निम्मे येते. नकोसे गुण कमी करण्यासाठी संततीचा पुन्हा चांगल्या वाणाशी संकर करायचा, म्हणजे जुन्या वाणाचा वाटा सरासरीने पाव, मग अष्टमांश, मग षोडशांश होत जातो. पण दर पिढीत, पूर सोसण्याचा गुण कोणत्या रोपात उरला आहे हे पाहायला सगळी रोपे बुडवून पाहावी लागतात. शिवाय हव्या जनुकाच्या शेजारची नकोशी जनुकेही त्याच्याबरोबर येत राहतात, कारण गुणसूत्राचा तुकडा जातो तो अखंड जातो. बरीच वर्षे घालवून अशी काही वाणे तयार झाली, पण शेतकऱ्यांत ती रुजली नाहीत. आमच्या मते यात संशोधकांचे फारसे चुकले नव्हते. जे दिसत नाही ते निवडायचे कसे, ही खरी अडचण होती.

ते दिसू लागले १९९६ मध्ये. केनोंग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी डीएनएवरील खुणांच्या साहाय्याने दाखवून दिले की पूर सोसण्याच्या गुणातला सुमारे ७० टक्के फरक नवव्या गुणसूत्रावरील एकाच जागेमुळे पडतो. खूण म्हणजे दोन वाणांत अक्षरांचा फरक असलेली ठराविक जागा. संकरातून झालेल्या शेकडो रोपांत कोणती खूण कोणत्या गुणाबरोबर नेमाने वारशाने जाते हे पाहिले, की त्या गुणाचे जनुक खुणेच्या जवळपास असले पाहिजे असे अनुमान निघते. या जागेला त्यांनी 'सब १' म्हटले. 'सब' हे बुडण्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे लघुरूप.

जागा कळली, जनुक नव्हे. त्या जागेत अनेक जनुके असू शकतात. येथे निप्पोनबारेची पोथी कामी आली. तिच्यावरून आजूबाजूच्या खुणा जवळजवळ मांडता आल्या आणि शोधाचा टापू लहान होत गेला. गल्ली सापडली, त्या गल्लीत निप्पोनबारेत एकसारख्या धाटणीची दोन जनुके होती. त्यांना आज 'सब १बी' आणि 'सब १सी' म्हणतात. पण पूर सोसण्याचे काम या दोहोंकडे नव्हते. संशोधकांनी मग एफआर १३ए च्या वंशातील रोपाचा तोच भाग स्वतंत्रपणे वाचला. तेथे तिसरे घर निघाले: 'सब १ए'. जापोनिका गटात ते जनुक मुळातच नाही. इंडिका गटातील काही वाणांत ते आहे, पण त्यातल्या अनेकांत थोड्या फरकाच्या रूपात, आणि त्या रूपाने पूर सोसला जात नाही.

हेच ते जनुक, याचा पुरावा काय? शू, मॅकिल, पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पूर न सोसणाऱ्या एका जापोनिका वाणात प्रयोगशाळेत घातले, आणि ते वाण बुडून जगू लागले. 'सब १ए'पासून बनणारे प्रथिन इतर जनुकांची कामे चालू-बंद करते. इथिलीन साठले की ते कामाला लागते आणि जिबरेलिनच्या हाकेला लगाम घालते.

येथे शिक्षकांनी एक भेद आवर्जून स्पष्ट करावा. प्रयोगशाळेत जनुक घालून केलेले ते रोप पुराव्यापुरते होते. शेतकऱ्यांना जे बियाणे मिळाले ते साध्या संकराचे. आंध्र प्रदेशातील मारुतेरूच्या संशोधन केंद्रात तयार झालेले 'स्वर्णा' हे वाण पूर्व भारतात लाखो हेक्टरांवर लावले जात होते. आंतरराष्ट्रीय संस्थेत स्वर्णाचा संकर एफआर १३ए च्या एका वंशजाशी केला आणि संतती पुन्हा पुन्हा स्वर्णाशी जुळवली. फरक एवढाच, की आता रोपे बुडवायची गरज नव्हती. कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा घ्यायचा आणि जनुकाच्या लगतच्या, पुढे जनुकाच्या आतल्याही अक्षरांवरून ठरवायचे, की हे रोप ठेवायचे की टाकायचे. जनुक आले पण शेजारचा भाग कमीत कमी आला, आणि बाकी सारे स्वर्णाचेच राहिले, अशी रोपे निवडत गेल्यावर तीनेक वर्षांत काम झाले. जनुकांचा क्रम वापरणे म्हणजे जनुक उचलून दुसरीकडे टाकणे, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. या उदाहरणात क्रमाचा उपयोग निवडीसाठी झाला.

'स्वर्णा-सब १' भारतात २००९ मध्ये प्रसारित झाले. ओडिशातील १२८ गावांत त्याची पद्धतशीर पाहणी झाली. दहा दिवस बुडालेल्या खाचरांत त्याचे उत्पन्न स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीतली दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. गावातील सर्वांत सखल, हमखास बुडणारी जमीन प्रामुख्याने अनुसूचित जातींच्या कुटुंबांकडे असते. त्यामुळे या वाणाचा लाभ त्यांना तुलनेने जास्त झाला.

निप्पोनबारेत नसलेले 'सब १ए' हा एकटाच अपवाद असता तर गोष्ट येथेच संपली असती. पण २००९ मध्ये जपानी संशोधकांनी बांगलादेशातील खोल पाण्याच्या भातातून 'स्नॉर्केल' नावाची दोन जनुके शोधली. ती नेमके उलट काम करतात, म्हणजे पाण्याबरोबर रोपाला झपाट्याने उंच नेतात. आणि साध्या भातात ती आढळली नाहीत. २०१२ मध्ये 'कसलथ' या भारतीय उपखंडातील जुन्या वाणातून एक जनुक मिळाले. त्याने मुळे जोमाने वाढतात आणि स्फुरद कमी असलेल्या जमिनीतही रोप तग धरते. बाराव्या गुणसूत्रावरील हे जनुकही निप्पोनबारेत नाही. कोकणातल्या खारजमिनीतील किंवा गोव्याच्या खाजणातील 'कोरगुट'सारखी खारे पाणी सोसणारी जुनी वाणे या दृष्टीने पाहावीत.

जुन्या वाणांची किंमत कंपन्यांनाही कळत होती. एप्रिल २००२ मध्ये सिंजेंटा या कंपनीने निप्पोनबारेचा कच्चा क्रम 'सायन्स' साप्ताहिकात प्रसिद्ध केला. सर्वांसाठी खुल्या असलेल्या भांडारात तो क्रम न ठेवण्याची सवलत तिला मिळाली, यावरून बराच वाद झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस, रायपूरच्या कृषी विद्यापीठाशी या कंपनीचा करार होऊ घातल्याची बातमी आली. डॉ. रिछारिया यांच्या पुढाकाराने छत्तीसगडच्या गावागावांतून गोळा झालेली हजारो वाणे त्या विद्यापीठाकडे आहेत. विरोध उसळला आणि कंपनीने माघार घेतली. बियाणे देशाबाहेर नेण्यावर १९९२ च्या जैवविविधता करारापासून बंधने आहेत. परंतु एकदा वाचलेला क्रम बियाण्यावाचून जगभर जातो. त्यातून झालेल्या लाभाचा वाटा मूळच्या शेतकऱ्यांना कसा द्यायचा, याची चर्चा बरीच वर्षे रेंगाळली. २०२२ मध्ये माँट्रियलच्या परिषदेत त्यासाठी व्यवस्था करण्याचे तत्त्व मान्य झाले आणि २०२४ मध्ये कालीच्या परिषदेत निधी स्थापण्याचे ठरले. धालपुटिया जपणारे शेतकरी कोण, हा प्रश्न मात्र उरतोच.

दरम्यान एका पोथीवर विसंबणे मागे पडले. २०१८ मध्ये भाताच्या ३,०१० वाणांचे क्रम एकत्र अभ्यासून प्रसिद्ध झाले, तेव्हा निप्पोनबारेत नसलेली दहा हजारांहून अधिक नवी जनुके हाती आली. त्यांतील बहुतेकांचे काम अजून शोधायचे आहे.

'सब १ए'लाही मर्यादा आहेत. दोन आठवड्यांपलीकडे ते साथ देत नाही, आणि पेरलेले बी उगवण्यापूर्वीच पाणी साचले तर त्याचा उपयोग होत नाही. रोपलावणीला मजूर मिळत नाहीत म्हणून थेट पेरणी करणाऱ्यांना ही दुसरी अडचण जास्त जाणवते. तिच्यावरचे एक जनुक २०१५ मध्ये म्यानमारच्या 'खाओ ह्लान ऑन' या वाणातून मिळाले. गंमत अशी, की हे जनुक निप्पोनबारेच्या पोथीत पहिल्यापासून छापलेले होते. ते गळालेले निघाले 'आयआर ६४'मधून, म्हणजे हरितक्रांतीनंतर आशियात सर्वांत जास्त पसरलेल्या वाणांपैकी एकातून.