ओव्हन पेटत नाही, कारण तो शहाणा आहे!

जुना गॅसचा ओव्हन तापेना की आपण लगेच त्याच्या वयावर घसरतो. पण मंडळी, बऱ्याचदा तो बिघडलेला नसतोच, तो चक्क "नाही" म्हणत असतो. आणि हे "नाही" म्हणायला त्याला शिकवण्यात माणसाची शंभरेक वर्षं गेली आहेत.

सुरुवात इंग्लंडमधली. नॉर्थॅम्प्टनच्या जेम्स शार्पने १८२६ साली गॅसच्या शेगडीचं पेटंट घेतलं आणि १८३६ साली कारखाना काढला. या ओव्हनला स्वतःचं तापमान कळत नसे. अंदाज घ्यायचा आणि कॉक फिरवत बसायचं, म्हणजे सगळं मॅन्युअल!

१८९६ साली शार्ल एद्वार गियोमने 'इन्व्हार' शोधला. लोखंड आणि निकेलचा हा मिश्रधातू तापला तरी जवळपास वाढत नाही. पितळ मात्र वाढतं. मग पितळेच्या नळीत इन्व्हारची कांडी बसवली. ओव्हन तापला की नळी लांबते, कांडी ओढली जाते आणि गॅसचा व्हॉल्व्ह मिटत जातो. १९२३ साली ब्रिटनमधल्या 'न्यू वर्ल्ड' कुकरवर 'रेग्युलो' या नावाने थर्मोस्टॅट आला. इंग्रजी पाककृतींतलं 'गॅस मार्क ४' (साधारण १८० अंश सेल्सियस) ही त्याचीच देणगी. ना वीज, ना कोड, तरी फीडबॅक लूप तयार!

राहिला प्रश्न ज्योत विझली तर काय, हा. त्याचं उत्तर सीबेकने १८२१ सालीच शोधून ठेवलं होतं: दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की विद्युतदाब तयार होतो. पुढे याच तत्त्वावरचं थर्मोकपल ओव्हनच्या पायलट ज्योतीत बसलं. त्यातून मिळतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, पण तेवढ्यावर छोटा विद्युतचुंबक व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. ज्योत गेली की गॅस बंद. आपल्या सर्व्हरच्या भाषेत हा हार्टबीट!

आता निदान सोपं होतं. पायलट आहे पण बर्नर पेटत नाही? ज्योत अशक्त असेल, थर्मोकपलच्या टोकापर्यंत पोचत नसेल, किंवा ते टोक झिजलं असेल. बर्नर पेटतो पण ओव्हन पुरेसा तापत नाही? मग संशय थर्मोस्टॅटवर. (फार जुन्या ओव्हनांत सुरक्षा व्हॉल्व्ह नसतोच, ते आधी बघा.)

इथेच जुगाडाचा मोह होतो: व्हॉल्व्ह उघडाच बांधून टाकायचा. ओव्हन पेटतो, केक फुगतो, सगळे खूश. पण ही एरर दुरुस्त करणं नव्हे, चेकच कमेंट करून टाकणं आहे. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत वास नसलेला गॅस गळून साचला आणि स्फोटात सुमारे ३०० जण गेले, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला मुद्दाम वास देण्याचे कायदे झाले. गॅसची प्रत्येक सुरक्षा अशीच कुणाच्या तरी किमतीवर आलेली आहे.

तेव्हा ओव्हन "नाही" म्हणाला तर आधी ऐकून घ्या. आणि उघडायचाच असेल, तर गॅसच्या जाणकार मिस्त्रीलाच बोलवा.