मराठवाड्यातील मद्यपरंपरा

नांदेड व लातूर हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) व बीदर जिल्ह्यांचा प्रदेश यांत प्राचीन काळापासून प्रचलित असलेली मद्ये, ती तयार करणारे लोक व त्यांवरील राजसत्तेचा हक्क यांचा इतिहास. फ्रान्समधील बॉर्दो किंवा पोर्तुगालमधील दोरू खोरे यांच्याप्रमाणे येथील मद्याला गावाच्या नावाची प्रतिष्ठा कधी लाभली नाही. तथापि भूमी बदलली की मद्य बदलते, हा नियम येथेही आढळतो. तेरणा नदीच्या खोऱ्यात भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या द्राक्षमद्याच्या व्यापाराचा माग लागतो. देगलूर-बिलोलीकडील ओढ्यांच्या काठी शिंदीचा रस प्रचलित होता. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात मोहाच्या फुलांची दारू काढली जाई. या तिन्हींच्या इतिहासात आस्वादाइतकाच हक्काचा प्रश्न महत्त्वाचा आहे. झाड कोणाचे, रस कोणाचा आणि त्यावरील कर कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या राजवटींत बदलत गेली.

लातूरच्या पश्चिमेस तेरणेच्या काठी असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर होय, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर आहे. तेथून जाडेभरडे कापड व नाना प्रकारची मलमल बैलगाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखामधून, भडोचच्या बाजारात जाते, असे त्यात म्हटले आहे. याच ग्रंथात भडोचला येणाऱ्या मालाची यादी दिली असून तिच्या आरंभीच मद्य आहे. इटलीच्या मद्याला विशेष मागणी असे. त्याखालोखाल लाओडिसियाचे व अरबस्तानचे मद्य खपत असे. तेथील राजासाठी रुप्याची पात्रे, गाणारी मुले व तलम वस्त्रे यांबरोबर उंची मद्यही आणले जाई. कोणत्या प्रदेशाचे मद्य सरस, याची जाण येथील बाजाराला एकोणीस शतकांपूर्वीच होती, हे या नोंदीवरून स्पष्ट होते.

हे मद्य निमुळत्या बुडाच्या, दोन कानांच्या मातीच्या कुंभांतून (अँफोरा) येई. कुंभ झिरपू नये म्हणून त्याच्या आतील बाजूस राळेचा लेप देत व तिचा वास मद्यात उतरे. भडोच-पैठण-तगर या व्यापारी प्रदेशातील नेवासे येथे १९५४–५६ मधील उत्खननात अशा कुंभांचे अवशेष मिळाले. तेर येथील उत्खननांतही पाश्चात्त्य संपर्क दर्शविणाऱ्या वस्तू सापडल्या असून तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या भारतीय मूर्तीशी केली जाते. तेरच्या पांढरीतून मिळालेल्या पुष्कळ वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जतन केल्या व त्यांच्या नावाने तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. मात्र सापडलेले प्रत्येक खापर रोमकडे नेणे योग्य नाही. भारतात पूर्वी रोमन म्हणून नोंदलेल्या काही कुंभांची अलीकडे फेरतपासणी झाली, तेव्हा ते मेसोपोटेमिया व इराणच्या आखाताकडील, आतून डांबराचा लेप दिलेले कुंभ असल्याचे आढळले. पश्चिमेच्या मद्याला अनेक वाटा होत्या, असाच त्याचा अर्थ होतो. समुद्र व घाट ओलांडून आलेले हे मद्य महाग असणार व ते राजे, सार्थवाह आणि श्रेष्ठी यांच्यापुरतेच मर्यादित असणार. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत मद्यपानाचे उल्लेख येतात. परंतु तिच्यातील गावकऱ्यांचे पेय परदेशी कुंभातले असेल, असे मानण्यास आधार नाही.

राष्ट्रकूटांच्या काळातील चित्र परस्परविरोधी आहे. ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हे त्यांचे बिरुद लातूरशी जोडले जाते आणि नांदेड जिल्ह्यातील कंधार हे त्यांच्याशी निगडित असलेले महत्त्वाचे स्थान होते. या घराण्याच्या वैभवकाळी, ८५१ च्या सुमारास, अरब व्यापारी सुलेमान याच्या नावे ओळखला जाणारा वृत्तांत लिहिला गेला. हिंदी लोक मद्य पीत नाहीत, त्यापासून होते म्हणून शिर्काही वर्ज्य मानतात आणि मद्यपी राजाला ते राजाच मानत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. बंदरांतून वावरणाऱ्या व्यापाऱ्याने ऐकलेला हा आदर्श दिसतो. प्रत्यक्ष आचार त्याहून भिन्न होता. लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच असलेल्या कल्याणीच्या (बसवकल्याण) चालुक्य दरबारात तिसरा सोमेश्वर याने ११२९–३१ च्या सुमारास मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने करावयाच्या करमणुकींत त्याने मदिरापानक्रीडेला स्थान दिले असून द्राक्ष, ऊस, ताड इत्यादींच्या मद्यांचा निर्देश केला आहे. मद्यपी तो राजाच नव्हे, ही ऐकीव गोष्ट आणि मद्यक्रीडेचे वर्णन करणारा प्रत्यक्ष राजा, यांतील दुसरी साक्ष अधिक विश्वसनीय मानावी लागते.

याच कल्याणीत पुढे काही दशकांनी बसवेश्वरांभोवती शरणांचा जो मेळा जमला, त्यात हेंडद मारय्या हा वचनकार होता. हेंड म्हणजे ताडी अथवा शिंदी. ती विकणे हा मारय्याचा व्यवसाय. मद्य करणारा वा विकणारा मनुष्य या प्रदेशाच्या इतिहासात स्वतःच्या नावानिशी भेटतो, असे हे दुर्मिळ उदाहरण होय. राजाच्या ग्रंथात मद्याचे प्रकार आहेत. परंतु ते कोणी गाळले, हे नाही. शरणांच्या परंपरेने मात्र विक्रेत्याचे नाव त्याच्या धंद्यासह जपले.

मराठवाड्यातील द्राक्षांची ख्याती मुख्यतः दौलताबाद परिसराची. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये तेथे राजधानी नेली. त्यानंतर सु. पंधरा वर्षांनी तेथे आलेल्या इब्न बतूताने दौलताबादेस द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद केली आहे. ही द्राक्षे मुख्यतः खाण्याची होत. त्यांपासून मद्य करण्याची अखंड परंपरा येथे निर्माण झाली नाही.

सामान्यांचे पेय शिंदीच्या झाडापासून मिळे. शिंदी हा खजुराच्या जातीचा रानवृक्ष ओढ्याकाठी, बांधावर व पडीक जमिनीत पाण्यावाचून व निगराणीवाचून वाढतो. ताडाचा रस फुलोऱ्यातून घेतात, तर शिंदीचा थेट खोडातून. शेंड्याखालील फांद्यांची बुडे काढून गाभा तासतात, तेथे खाच पाडून पन्हळ बसवतात व खाली मडके बांधतात. पुढील हंगामात खाच विरुद्ध बाजूस पाडतात. त्यामुळे जुन्या झाडाचे खोड नागमोडी दिसते आणि खाचा मोजून ते किती हंगाम तासले गेले ते सांगता येते. रस मुख्यतः थंडीच्या दिवसांत निघतो. सूर्योदयापूर्वी उतरविलेला रस, म्हणजे नीरा, गोड, थंड व किंचित सुगंधी असतो. ती तशीच टिकवायची तर मडक्याला आतून चुना लावावा लागतो. एरवी हवेतील व मडक्यातील किण्वामुळे ती काही तासांतच फसफसू लागते. दुपारपर्यंत तिला झणका येतो, सायंकाळी ती आंबट होते व दुसऱ्या दिवशी शिर्क्याकडे झुकते. त्यामुळे या मद्याला साठवण नाही आणि दूरचा बाजारही नाही. ते त्या गावात व त्याच दिवशी प्यावयाचे. द्राक्षमद्य वर्षांनी मोजतात, तर शिंदी प्रहरांनी मोजावी लागते. झाडावर चढण्याचे काम नांदेडच्या तेलंगणालगतच्या भागात प्रामुख्याने गौड लोक करीत. गाळण्याचा व विकण्याचा धंदा कलालांकडे असे. झाडाचे इतर उपयोगही होते. मातंग समाजातील कारागीर शिंदीच्या पात्यांपासून केरसुण्या वळत. चटयाही त्याच पात्यांच्या होत.

किनवट-माहूरच्या रानात शिंदीची जागा मोहाने घेतली आहे. फाल्गुन-चैत्रात मोहाची मांसल, पिवळसर फुले रात्री गळतात व पहाटे बायका-मुले ती वेचतात. वाळविलेली फुले मनुकांसारखी दिसतात. दुष्काळात ती अन्न म्हणूनही उपयोगी पडत. ती पाण्यात काही दिवस आंबवून मडक्यात उकळतात व वाफ गार करून अर्क गोळा करतात. पहिल्या धारेची दारू तीव्र, नंतरची सौम्य असते. फुलांचा उग्र-गोड दर्प दोहोंतही टिकतो. गोंडांमध्ये जन्म, लग्न, मृत्यू व देवकार्य यांत या दारूची धार सोडण्याचा प्रघात आहे. किनवट भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेथील राजगोंडांच्या जीवनाचे सविस्तर वर्णन क्रिस्टोफ फोन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मिळते.

या दोन्ही मद्यांवर निजामी राजवटीने आपला हक्क हळूहळू पूर्ण केला. १३१६ फसलीच्या (१९०६-०७) हैदराबाद अबकारी कायद्याने त्याला पक्के स्वरूप आले. झाड शेतकऱ्याच्या बांधावर असले, तरी ते तासण्याचा परवाना सरकारचा असे. जमीनमालकाला ‘हक्के मालिकाना’ म्हणून ठराविक रक्कम मिळे. दुकानांचा व झाडांचा लिलाव होई आणि तो घेणारा गुत्तेदार आपला नफा एकीकडे चढणाऱ्याकडून, दुसरीकडे पिणाऱ्याकडून वसूल करी. अबकारी ही संस्थानच्या उत्पन्नाची एक प्रमुख बाब बनली. पाण्यावाचून वाढणाऱ्या रानझाडावर राज्याच्या खजिन्याचा मोठा भार होता, ही गोष्ट पुढील घटनांच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हवी.

ऑगस्ट १९४७ मध्ये निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला व स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने आंदोलन पुकारले. त्याच्या कार्यक्रमात जंगल सत्याग्रह, लेव्ही न देणे व करोडगिरीचे नाके उठविणे यांबरोबरच शिंदीची झाडे तोडणे ही एक मुख्य कलम होती. मराठवाड्यात ठिकठिकाणी गावकऱ्यांनी कुऱ्हाडी घेऊन झाडे पाडली व त्यासाठी तुरुंगवास पत्करला. हा कार्यक्रम केवळ मद्यपानाविरुद्धचा होता, असे समजणे चूक ठरेल. गांधीप्रणीत मद्यनिषेधाची प्रेरणा त्यात होतीच. पण कुऱ्हाडीचा घाव मुख्यतः निजामाच्या उत्पन्नावर होता. बंदूक नसलेल्या कुणब्याला सरकारचे नुकसान करण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग होता आणि तो त्याच्या स्वतःच्याच बांधावर उपलब्ध होता. पडलेल्या झाडाबरोबर नीरा व केरसुणीची पातीही गेली. मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत शिंदीतोडीचा अभिमानाने उल्लेख होतो. ज्याचे पोट त्या झाडावर होते, त्या चढणाऱ्याची बाजू त्यांत क्वचितच येते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले.

राज्यपुनर्रचनेत (१९५६) मराठवाडा मुंबई राज्यात आला. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके बीदरमधून उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले व १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९४९ चा मुंबई मद्यनिषेध कायदा १९५९ मध्ये राज्याच्या उर्वरित भागांना लागू करण्यात आला. सीमेपलीकडे शिंदीची दुकाने चालू आणि अलीकडे बंदी, अशी स्थिती देगलूर-बिलोलीच्या लोकांनी अनुभवली. पुढे बंदी सैल होऊन १९७३ पासून देशी दारूला नियमबद्ध परवाने मिळू लागले. ही देशी दारू साखर कारखान्यांतील मळीपासून काढलेल्या मद्यार्काची असते. सीमाभागात शिंदीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेट मिसळलेले घातक पेय विकले जाण्याचे प्रकारही उद्भवले. येथे मद्याचा आधारच बदलला. पूर्वीचे झाड पावसावर जगत असे. नव्या मद्याचे मूळ ऊस आहे आणि उसाला बाराही महिने पाणी लागते.

द्राक्षमद्याचा आधुनिक उद्योग महाराष्ट्रात १९८० च्या दशकात नारायणगाव येथे व पुढे नासिक परिसरात उभा राहिला. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून विंचूर (नासिक) व पलूस (सांगली) येथे त्यासाठी उद्याने स्थापिली. मराठवाड्यातही द्राक्षबागा आहेत; पण त्यांतील माल मुख्यतः खाण्यासाठी जातो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला. मोठ्या दुकानांतून द्राक्षमद्य विकू देण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा जानेवारी २०२२ मधील निर्णय शेतकऱ्याच्या हिताचा म्हणून मांडला गेला. विरोधामुळे तो अंमलात आला नाही. त्याच्या आदल्या वर्षी शासनाने आदिवासींवरील मोहफुले वेचण्या-साठविण्याचे अबकारी निर्बंध शिथिल केले होते. किनवटच्या गोंडाला फूल वेचता येऊ लागले. त्यापासून मद्य काढण्यास मात्र परवाना लागतोच.