नकलेनं सोडवलेलं कोडं

मुरगुडात बसून या विषयावर बोलायचं, तर सुरुवात पायापासून करू. कोल्हापुरी चपलेचं कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन. हा तीन पदरी पिळाचा दोर आहे, असं मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये दाखवलं. प्रत्येक पदरात अमिनो आम्लांच्या कड्या असतात. दर तिसरी कडी ग्लायसिनची. उरलेल्या जागी बऱ्याचदा प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन.

आता हे हायड्रॉक्सिप्रोलीन बघा. प्रोलीनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसली की ते तयार होतं. त्यासाठी शरीराला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की दोर सैल पडतो, हिरड्यांतून रक्त येतं. स्कर्व्ही म्हणतात तो हाच आजार. पण एवढीशी जोडी दोर घट्ट कशी ठेवते? बरीच वर्षं उत्तर होतं, की ती पाण्याचे रेणू धरते आणि ते पदरांना बांधून ठेवतात.

हे तपासायचं कसं? नक्कल करून! त्या जोडीच्या जागी दुसरं काही बसवायचं, बाकी सगळं तसंच ठेवायचं. पूर्वी अशी साखळी जोडायला महिने लागत, कारण दर पायरीला पदार्थ शुद्ध करावा लागे. १९६३ मध्ये न्यूयॉर्कला ब्रूस मेरिफिल्ड यांनी पहिली कडी प्लॅस्टिकच्या बारीक मण्याला बांधली. पुढची कडी जोडा, उरलंसुरलं धुऊन टाका, टोक मोकळं करा, पुन्हा जोडा. शेवटी आम्लानं साखळी मण्यापासून सोडवा. या पद्धतीला १९८४ चं नोबेल मिळालं.

१९९८ मध्ये अमेरिकेत रोनाल्ड रेन्स यांच्या गटानं त्या जोडीच्या जागी फ्लोरिन बसवला. फ्लोरिन पाण्याला फारसं धरत नाही. म्हणजे दोर सैल पडायला हवा होता. तो उलट जास्त घट्ट झाला! मग कळलं, की खरं काम इलेक्ट्रॉन ओढण्याचं आहे. त्यानं प्रोलीनच्या वलयाला योग्य बाक येतो.

२००१ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण गणेश आणि सहकाऱ्यांनी तिथंच अमिनो गट बसवला. हाही दोर हायड्रॉक्सिप्रोलीनच्या दोरापेक्षा घट्ट निघाला. शिवाय द्रावणाची आम्लता बदलली, की त्याचा घट्टपणाही बदलतो.

नक्कल म्हटलं की आपण नाक मुरडतो. इथं मात्र अस्सल वस्तू कशी चालते, हे नकलेनंच सांगितलं.