कमवा व शिका

तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यासारख्या डोंगरी मुलखात कुणब्याच्या मुलास कॉलेज ही एके काळी स्वप्नातीलच गोष्ट होती. अशा मुलांसाठी भोरच्या दक्षिणेस, नीरेपलीकडे साताऱ्यात एक वाट निघाली. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये तेथे वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एकाच पंक्तीस बसत. त्या काळी हे धाडसच! एकदा कोठीतील धान्य सरले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले. त्यावर मुले जेवली. पुढे १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, आणि गरीब विद्यार्थी अंगमेहनतीवर पदवीचे शिक्षण घेऊ लागले. ते पाहावयास लक्ष्मीबाई मात्र नव्हत्या; १९३० सालीच त्या निवर्तल्या होत्या.