हीलाकांठचा मधुमेह

इ. स. १९०१ च्या अखेरीस फ्रँक रसेल नांवाचा एक मानववंशशास्त्रज्ञ अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतांत हीला नदीच्या कांठीं जाऊन राहिला. तेथील पिमा लोकांना स्वतःची लिपि नव्हती. पण इतिहास होता, आणि तो त्यांनीं काठ्यांवर कोरून ठेवला होता. वर्षाला एक खांच, खांचेशेजारीं एखादा ठिपका, रेघ किंवा लहानशी आकृति, एवढाच काय तो मजकूर. ज्या वृद्धाच्या स्वाधीन ती काठी असे तो खांचेवर बोट ठेवी आणि त्या वर्षीं काय घडलें तें सांगूं लागे. रसेलला जी हकीकत मिळाली तिचा आरंभ १८३३ सालच्या नोव्हेंबरांत आकाशांतून तारे गळाले त्या रात्रीपासून होतो. पुढें अपाची टोळ्यांचे छापे, महापूर, रोगांच्या साथी असा क्रम चालतो. रसेल १९०३ सालीं वारला. ही काष्ठमय बखर त्याच्या ग्रंथांत १९०८ सालीं छापली गेली.

या लोकांचें नांव आज इतिहासापेक्षां वैद्यकांत अधिक घेतलें जातें. घरोघरीं परिचित असलेल्या एका आंकड्यामागें ते उभे आहेत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून प्यावयास देऊन दोन तासांनीं रक्त तपासतात, आणि शंभर मिलिलिटरमागें साखर २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक निघाली कीं मधुमेह ठरतो. १९७९-८० च्या सुमारास ही मर्यादा पक्की झाली तेव्हां तिला पिमा लोकांच्या तपासणीचा मोठा आधार होता. इतर बहुतेक समाजांत साखरेचें प्रमाण माणसामाणसागणिक हळूहळू चढत जातें. निरोगी कोठें संपला आणि रोगी कोठें सुरू झाला तें सांगणें कठीण पडतें. पिमांमध्यें मात्र लोकांचे सरळ दोन ढीग पडत आणि मधली दरी डोळ्यांना दिसे. ती तशी दिसावयास रोगीहि तितकेच पुष्कळ असावे लागतात. एका लहानशा जमातींत एवढे रोगी आले कोठून, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत शास्त्रज्ञांची एक सबंध पिढी खर्ची पडली.

‘पिमा’ हें त्यांनीं घेतलेलें नांव नव्हे. स्पॅनिश पाद्र्यांनीं कांहीं विचारलें असतां या लोकांनीं ‘ठाऊक नाहीं’ अशा अर्थाचे शब्द उच्चारले व तेंच त्यांचें नांव होऊन बसलें, असें सांगतात. ते स्वतःस ‘आकिमेल ओओधम’ म्हणजे ‘नदीचे लोक’ म्हणवितात, आणि तें सर्वस्वीं यथार्थ आहे. ज्या वाळवंटी मुलुखांत पाऊस नांवालाच पडतो तेथें त्यांचे पूर्वज मानले जाणारे होहोकाम लोक हजार वर्षांपूर्वीं कालवे खणून शेती करीत होते. मका, भोपळा, कापूस हीं त्यांचीं पिकें. आणि तेपारी नांवाचें एक कडधान्य, जें आपल्याकडील मटकीप्रमाणें अवर्षणाला दाद देत नाहीं. कांठावर मेस्कीट नांवाचीं झाडें असत. आपल्याकडे जिचा तिटकारा केला जातो त्या वेड्या बाभळीच्याच गोत्रांतलीं हीं झाडें. त्यांच्या गोड शेंगा कुटून पीठ करीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस किनो नांवाचा जेझुइट पाद्री या भागांत आला. स्पॅनिशांबरोबर गहूहि आला, आणि हिवाळ्यांत रिकामीं पडणारीं शेतें गव्हाखालीं येऊन वर्षांतून दोन पिकें निघूं लागलीं.

ही समृद्धि दंतकथा नव्हे. १८४६ सालीं कॅलिफोर्नियाकडे निघालेली अमेरिकन फौज या गांवांवरून गेली, तेव्हां तिच्याबरोबरच्या एमोरी नांवाच्या अधिकाऱ्यानें तेथील पाटबंधारे, शेतें आणि लोकांचा सचोटीचा व्यवहार यांची मोकळेपणानें स्तुति करून ठेवली आहे. १८४९ सालीं सोन्याच्या शोधार्थ जाणारे हजारों लोक याच वाटेनें गेले आणि पिमांच्या धान्यावर जगले. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत पिमांनीं सैन्याला लक्षावधि पौंड गहू विकला. म्हणजे ज्यांना पुढें सरकारी शिध्यावर जगावें लागलें, तेच लोक एके काळीं सरकारी फौजेला पोशीत होते. ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवावयास हवी, कारण पुढें शास्त्रज्ञांनीं नेमकी हीच विसरली.

हीलेच्या दक्षिणेचा प्रदेश १८५४ सालीं मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला. १८५९ सालीं पिमांसाठीं नदीकांठची जमीन राखून ठेवण्यांत आली. जमीन राखली, पाणी राखलें नाहीं. १८६० नंतर नदीच्या वरच्या अंगाला गोऱ्या शेतकऱ्यांच्या वसाहती झाल्या, त्यांनीं आपापले पाट काढले, आणि १८८० नंतरच्या दशकांत मोठे कालवे होऊन उन्हाळ्याचें सारें पाणी वरच्यावरच नाहींसें होऊं लागलें. खालच्या अंगाला वाळू उरली. १८९० ते १९०४ या वर्षांत वारंवार दुष्काळ पडला. लोक मेस्कीटचीं झाडें तोडून जळाऊ लांकूड विकूं लागले; म्हणजे पोट भरण्यासाठीं पोट भरणारें झाडच तोडावें लागलें. रसेल तेथें गेला तो नेमका या दिवसांत. १९२४ सालीं धरणाचा कायदा झाला, आणि १९३० सालीं माजी अध्यक्ष कूलिज यांच्या हस्तें त्यांचेंच नांव दिलेल्या धरणाचें उद्घाटन झालें. समारंभाच्या दिवशीं तलावाच्या तळांत पाण्यापेक्षां गवतच अधिक दिसत होतें. पुढें पाणी आलें, पण पिमांच्या वांट्याला पुरेसें आलें नाहीं.

शेती गेल्यावर स्वयंपाकघर बदललें. तेपारी, मेस्कीट आणि नदींतील मासे यांच्या जागीं सरकारी पांढरें पीठ, साखर आणि चरबी आली. नांगर धरणाऱ्या माणसाच्या अंगाला काम उरलें नाहीं. १९९० सालीं पिमांच्या जुन्या अन्नपदार्थांवर कांहीं प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत हे पदार्थ सावकाश पचतात व रक्तांतील साखर एकदम उसळूं देत नाहींत असें दिसून आलें. नदीबरोबर पिमांची ही संथ भाकरीहि गेली होती.

आतां रोगाच्या तारखा पाहाव्या. मधुमेहाचा विख्यात वैद्य इलियट जोस्लिन यानें ॲरिझोनांतील मधुमेह्यांची पाहणी केली व १९४० सालीं ती प्रसिद्ध झाली. इंडियन लोकांत हा रोग इतरांहून फारसा अधिक आहे असें त्याला आढळलें नाहीं. १९६३ सालीं सरकारी आरोग्यसंस्थेचे डॉक्टर पिमांकडे गेले ते मधुमेहासाठीं नव्हेच, संधिवाताच्या पाहणीसाठीं. त्यांना साखर सांपडली. १९६५ पासून पांच वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची दर दोन वर्षांनीं तपासणी सुरू झाली. १९७१ सालीं बेनेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं जाहीर केलें कीं, पस्तिशी ओलांडलेल्या पिमांपैकीं निम्मे मधुमेही आहेत. जोस्लिनच्या पाहणीपासून जेमतेम एक पिढी उलटली होती. माणसाचें बीज इतक्या थोड्या काळांत बदलत नसतें.

तरीहि कारण शोधलें गेलें तें बीजांतच. १९६२ सालीं जेम्स नील या आनुवंशशास्त्रज्ञानें एक मोठी मोहक कल्पना मांडली होती. आदिमानवाला कधीं शिकार मिळे, कधीं उपास घडे. अशा जीवनांत मिळालेलें अन्न चटकन् सांठविणारें ‘काटकसरी’ बीज ज्यांच्या अंगीं होतें ते तगले, आणि रोजच पोटभर मिळूं लागल्यावर तीच काटकसर रोग होऊन बसली. कल्पना नीलनें सर्व मानवजातीविषयीं मांडली. पण लौकरच पिमा हे तिचें जिवंत उदाहरण ठरले. मधुमेहाचा विचार करतांना जन्म आणि आहार यांचा हा झगडा कांहीं नवा नाहीं. सुश्रुतानेंहि प्रमेहाचे ‘सहज’ आणि ‘अपथ्यनिमित्तज’ असे दोन प्रकार केलेच आहेत. सुश्रुतानें निदान दोन्ही खणांत रोगी ठेवले. काटकसरी बीजाच्या पुरस्कर्त्यांनीं एक सबंध जमात पहिल्या खणांत बंद केली.

या उपपत्तींतील उणीव शास्त्रीय असण्यापूर्वीं ऐतिहासिक आहे. वर्षांतून दोन पिकें काढून कोठारें भरणारे व परक्या सैन्याला गहू पुरविणारे लोक उपासमारीचा नमुना म्हणून निवडणें हेंच मुळीं विचित्र. त्यांच्यावर खरा दुष्काळ आला तो पुराणकाळांत नव्हे, तर कचेऱ्या, नकाशे आणि पाटबंधाऱ्यांच्या काळांत. आणि त्याची नोंद सरकारी कागदांतच होती. रक्ताचा थेंब न् थेंब मोजणाऱ्यांनीं काठीवरच्या खांचांकडे पाहिलें असतें तर हें ध्यानांत येण्यास एवढा उशीर लागला ना. नीलनें मात्र आपल्या उपपत्तीची पुढें पुन्हां पुन्हां फेरतपासणी केली, हें त्याच्या प्रामाणिकपणाला शोभणारेंच होतें.

बीजाचा कांहीं संबंध नाहीं असें म्हणणेंहि चुकीचें होईल. मधुमेह कुळांत चालतो हें पिमांतहि दिसतें. परंतु अनेक वर्षें शोध करूनहि सारा दोष ज्याच्या माथीं मारावा असा एक जनुक हातीं लागला नाहीं. आणि २००६ सालीं आइसलंडमधील संशोधकांनीं जो टीसीएफ७एल२ नांवाचा जनुक शोधून काढला, व जो अनेक देशांत महत्त्वाचा ठरला, त्याचा पिमांवर विशेष प्रभाव आढळला नाहीं. उलट मेक्सिकोच्या डोंगरांत मायकोबा गांवीं राहणारे त्यांचे भाऊबंद अजून शेतांत राबत होते. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत मायकोबाच्या पिमांत मधुमेहाचें प्रमाण शेंकडा ६.९ आणि ॲरिझोनाच्या पिमांत शेंकडा ३८ निघालें. रक्ताचें नातें एक, नशीब दोन.

याहून अधिक बोलका पुरावा २००० सालीं पुढें आला. एकाच आईचीं दोन मुलें घेतलीं. एक तिला मधुमेह होण्यापूर्वीं जन्मलेलें, दुसरें झाल्यानंतर. मागाहून जन्मलेल्या भावंडाला मधुमेह होण्याचा धोका कितीतरी पटींनीं अधिक आढळला. आईबापांचें बीज तेंच होतें. गर्भाशय मात्र तें राहिलें नव्हतें. म्हणजे एका पिढीवर ओढवलेला अनर्थ, जनुकांत अक्षरहि न बदलतां, पुढच्या पिढींत उतरूं शकतो.

याच मार्गानें हा वाद महाराष्ट्रांत येऊन पोंचला. हेल्स आणि बार्कर या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९९२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, काटकसर बीजांत नसून गर्भांतील कुपोषणानें घडलेल्या देहांत असते. १९९३ सालीं पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकें सरासरीनें सुमारें २.७ किलो वजनाचीं, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं सुमारें साडेतीन किलोचीं. पण पुण्याकडील हीं किडकिडीत दिसणारीं अर्भकें स्नायूंत उणीं असूनहि त्यांनीं अंगची चरबी मात्र बरीचशी राखलेली होती. शिडशिडीत मराठी माणसाला मधुमेह कसा होतो, या नेहमींच्या कुतूहलाचा एक धागा येथें सांपडतो. आणि तो त्याच्या स्वतःच्या ताटाइतकाच आईच्या ताटाशींहि जोडलेला आहे.

हीलाकांठच्या तपासण्या २००७ पर्यंत चालल्या. चाळीस वर्षांहून अधिक काळ या लोकांनीं रक्त दिलें. ज्या ज्ञानावर जगभरचे रोगी आज तपासले जातात त्यांतील मोठा भाग त्यांच्या दंडांतून आला आहे. पाण्याचा दावा त्याहूनहि लांबला. अखेर २००४ सालच्या कायद्यानें सरासरीनें वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट पाण्यावरचा त्यांचा हक्क मान्य झाला, आणि नव्या कालव्यांच्या कामाला गति आली. तेपारीची लागवड मात्र त्याच्याहि आधीं पुन्हां सुरू झाली होती. पिमांपैकींच एका शेतकरी कुटुंबाला मातीच्या जुन्या घरांत एका पेटींत कांचेच्या बरण्या सांपडल्या. त्यांत वडिलांनीं जपून ठेवलेलें मूठ-दोन मूठ बीं होतें, कांहीं पांढरें, कांहीं तपकिरी. तें त्यांनीं पेरलें.