मूर्ती, मांडव आणि सरकारी तिजोरी : प्रस्तावना

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला आणि देवाच्या उत्सवाला सरकारी तिजोरीतून पैसा द्यावा का, हा जुना वाद पुन्हा ऐरणीवर आला. बाजू जरूर घ्या, पण आधी जुनी दप्तरे चाळा.

पेशवाईत देवस्थानांना इनामे असत, श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ नंतर हे सारे कंपनी सरकारच्या गळ्यात पडले. ख्रिस्ती राज्यकर्तेच मूर्तिपूजा पोसतात, असा गिल्ला मिशनऱ्यांनी केला. आक्षेप घरातूनही आला. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने मूर्तिपूजा नाकारली. ही माणसे धर्मबुडवी नव्हती; तुकोबांचे अभंग ती भक्तीने गात. हे विसरले, तर विषयाचा गाभाच हातून निसटतो.

असाच वाद अमेरिकेतही झाला. तिथल्या पॉटकेट शहराच्या सरकारी नाताळ देखाव्यात बाळ येशूही होता. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. शेजारी सांताक्लॉजचे घर आणि ख्रिसमस ट्री होते, ही बाब त्यात महत्त्वाची ठरली. आपल्या गणपतीला ही फूटपट्टी लागू पडत नाही. मांडवातला देखावा सामाजिक असेल, मूर्ती मात्र सजावट नव्हे. प्राणप्रतिष्ठेपासून उत्तरपूजेपर्यंत ती देव असते. अक्षता वाहून जागेवरून किंचित हलवली की विसर्जनाला मोकळी. म्हणून रस्ता झाडणे, विसर्जनाचा हौद बांधणे ही नागरी सेवा वेगळी आणि पूजेचा खर्च उचलणे वेगळे, असे माझे ठाम मत आहे. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखलेला कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, असे घटनेचे कलम २७ सांगते.

हाच प्रश्न घराजवळ, २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या वाघोलीतही भेटतो. इथल्या वाचकाला अभ्यासासाठी लांब जायला नको. नगर रस्त्यालगतच्या सोसायट्यांत गणपती बसतो, तेव्हा खर्च वर्गणीतून करायचा की मेंटेनन्समधून? वर्गणीला नाही म्हणता येते, मेंटेनन्स चुकत नाही. मूर्ती न मानणाऱ्या शेजाऱ्याचेही पैसे त्यात असतात. आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि जमाखर्च मागून घ्या. सुरुवात तिथून करा, मग कोर्टाच्या निकालांकडे वळा.