गव्हर्नर स्टीव्हन्स आणि त्यांचे तह

अमेरिकेच्या वायव्य टोकास १८५३ साली 'वॉशिंग्टन टेरिटरी' हा नवा मुलूख निर्माण झाला व आयझॅक स्टीव्हन्स हे त्याचे पहिले गव्हर्नर नेमले गेले. वय अवघे ३५. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून १८३९ साली पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले. गव्हर्नरपदासोबत इंडियन लोकांच्या कारभाराची देखरेख आणि आगगाडीच्या मार्गाची पाहणी हीही कामे त्यांनी शिरावर घेतली. ज्यांचे पालकत्व पत्करावयाचे त्यांच्याच भूमीवरून रूळ न्यावयाचे, यातील विसंगती त्यांस कधी बोचल्याचे आम्हांस दिसत नाही.

२६ डिसेंबर १८५४ रोजी मेडिसिन क्रीक येथे निस्क्वाली, पुयालप आदी जमातींशी त्यांनी पहिला तह केला. बोलणी झाली ती चिनूक जार्गन नामक, काहीशे शब्दांच्या बाजारी बोलीत! तीत कातड्यांचा भाव ठरविता येई; भूमीवरील स्वामित्व कायमचे सोडणे म्हणजे काय, हे तीत कसे सांगावे? सुमारे २२ लाख एकर भूमी ३२,५०० डॉलरांस गेली. तीही रक्कम २० वर्षांच्या हप्त्यांनी. निस्क्वालींच्या वाट्यास नदीपासून दूरची उंचवट्यावरील जागा आली. वर्षाच्या आत युद्ध पेटले, यात नवल ते कोणते?

युद्धकाळी गव्हर्नरसाहेबांनी लष्करी कायदा पुकारला व न्यायासनावर बसलेले मुख्य न्यायाधीश लँडर यांनाच कैद करविले. पुढे लँडर यांनी त्यांस ५० डॉलर दंड केला, तेव्हा स्टीव्हन्स यांनी आपल्याच अधिकारात स्वतःच्या शिक्षेस तहकुबी दिली. असो. निस्क्वालींचा नायक लेशाय यास मात्र १८५८ साली फाशी झाली. युद्धातील कृत्य खून ठरत नाही, असे सेनाधिकाऱ्यांचेही मत असता.

पुरुष भित्रा नव्हता. १ सप्टेंबर १८६२ रोजी शँटिलीच्या रणात, पडलेले निशाण उचलून धावताना तो गोळी लागून गतप्राण झाला.

परंतु आमच्या मते त्याच्या कारकीर्दीचा मर्मभाग तहातील एका कलमात आहे. नेहमीच्या ठिकाणी, इतर नागरिकांच्या बरोबरीने, मासे धरण्याचा हक्क त्यात इंडियनांस राखून दिला होता. भूमी लवकर सुटावी म्हणून दिलेले ते आश्वासन पुढे कोणी पाळले नाही. आपल्याच नदीत सॅमन धरणारे निस्क्वाली तुरुंगात गेले. अखेर १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी ते कलम शब्दशः वाचले आणि पकडण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा तहकर्त्या जमातींचा ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली तो निवाडा मुख्यत्वे कायम केला.